कुंडातली कुस्ती

"जी कुस्ती हरायचीच हाय, ती रोज उठून लढायची कशाला?"

कुंडाच्या काठावर उभं राहून वस्तादांनी आक्कांना हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात पंचा होता आणि पंच्यात एक भिजलेलं पोर.

मी नवस फेडत होते. माझी लेक बाळंतपणात अडली होती, तेव्हा मी झराईदेवीला बोलले होते... आई, दोघांना सुखरूप मोकळं कर, मी माघाचा महिनाभर तुझ्या कुंडावर येऊन ओल्या लेकरांची अंगं पुसेन. साडीचोळी नाही, चांदीचा पाळणा नाही. हातांचा नवस. झराईनं ऐकलं. म्हणून मी तिथं होते, आणि म्हणून ही गोष्ट माझ्या कानांवर पडली. जशी पडली तशी सांगते. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

आमच्या खाचरोलीला झराईच्या देवळामागं गरम पाण्याची दोन कुंडं आहेत. वरच्या कुंडाचं पाणी कढत. आम्ही त्यात फडक्यात तांदूळ बांधून सोडतो, आरती होईपर्यंत भात होतो, आणि तोच नैवेद्य. खालच्या कुंडात ओढ्याचं गार पाणी मिसळतं. ते कोमट, मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत, आणि एका बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उथळ होत आलेलं.

ते आक्कांचं.

शांभवीआक्का. पांढरं लुगडं, कापलेले केस. पूर्वी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या फिजिओथेरपीचा विभाग त्यांच्याकडे होता. ज्या मुलांचे स्नायू वयाबरोबर झिजत जातात, अशी मुलं त्यांनी आयुष्यभर सांभाळली. निवृत्तीनंतर इथं, देवळाशेजारी गुरूंच्या मठात येऊन राहिल्या, नि मुलं मागोमाग आली. मठाची धर्मशाळा आता त्या मुलांनाच असते.

आलेल्या प्रत्येक आईबापाला आक्का पहिल्या दिवशी सांगतात, हे पाणी आजार बरा करत नाही. देवीही करत नाही. तेवढ्यासाठीच आला असाल तर प्रसादाचा भात खाऊन सुखानं परत जा.

मला ते आधी टोचलं होतं. मग पाहिलं, की हे सांगून झाल्यावर त्या देवळाकडे वळून हात जोडतात.

...

वस्ताद म्हणजे हिंदुराव चौगुले. घाटावरचे, कोल्हापूरकडचे. स्वतःची तालीम, हाताखाली पुष्कळ पठ्ठे. मान कुठं संपते नि खांदा कुठं सुरू होतो कळू नये असा देह. कान कुस्तीत चेपून पुऱ्यांसारखे झालेले. आजवर लोकांना शिकवत आलेला माणूस, दुसऱ्याकडून शिकायला आला की त्याचे हात कुठं ठेवावेत त्यालाच कळत नाही, तसे ते उभे राहायचे.

त्यांचा मुलगा संग्राम, नऊ वर्षांचा. तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, काकू जरा हळू, मी काय पितळेचं भांडं न्हवं.

संग्रामच्या पोटऱ्या चांगल्या जाड होत्या. तो लहान असताना तालमीत जो येई तो म्हणे, वस्तादांचं रक्त, पोटऱ्या बघा. त्या पोटऱ्यांवर हात फिरवून पेढे वाटले गेले होते. पुढं पोर जिन्यावर दमायला लागलं. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत वर यायला लागलं. तेव्हा वस्तादांनी खुराक वाढवला आणि बैठका वाढवल्या.

मग दवाखान्यात कळलं, ती जाडी ताकदीची नव्हतीच. स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. घरानं ज्या पोटऱ्या मिरवल्या, तिथूनच आजार आपलं नाव सांगत होता.

म्हणून त्यांनी तो प्रश्न विचारला. हरायचीच हाय, ती लढायची कशाला?

आक्का पाण्यात होत्या. एका मुलीची टाच त्यांच्या तळव्यात होती. त्यांनी मान वर केली.

"वस्ताद, बूट काढा. काठ घसरडा होतो."

"हे उत्तर न्हवं."

"नाही."

आणि त्या पुन्हा टाचेकडे वळल्या.

...

वस्तादांना राग आला होता, पण घरातून सांगून पाठवलं होतं, त्यामुळे राहिले. बायको मागं राहिली होती, तान्ही लेक होती म्हणून. रोज फोनवर ती काय विचारायची मला ऐकू येत नसे. हे एकच उत्तर द्यायचे, "करतोय."

आक्कांनी त्यांना घोटा ताणायला शिकवलं. मुलाची टाच तळहातात घ्यायची, पाऊल वर आणायचं, आणि जोर न लावता नुसतं धरून ठेवायचं. सोपं दिसतं. वस्तादांना जमेना. ते धरायचे ते समोरच्याला लोळवायच्या बेतानं.

"आबा," संग्राम म्हणाला, "पाय माझा हाय. गावाला जाऊन दुसऱ्या कुणाचा धरा."

काठावर बसलेल्या आया आणि मी, आम्ही सगळ्याजणी हसलो. वस्तादही हसले असते, पण त्यांना बायकांसमोर हसण्याची सवय नसावी.

एका गोष्टीला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून मनाई केली होती. इतर मुलांना आक्का पाण्यावर उताणी झोपवायच्या, डोक्याखाली हात देऊन. मुलं तरंगायची, पाय मारायची. संग्रामला नाही. त्याला उभ्यानं चालवायचं. कुस्तीत पाठ खाली लागली की हार, आणि चौगुल्यांच्या घरात कुणी पाठ लावून घेतली नाही, असं त्यांचं म्हणणं.

आक्कांनी वाद घातला नाही. संग्राम उभ्यानं चालायचा, शेजारी तरंगणाऱ्या पोरांकडे बघत.

...

एके दिवशी सकाळी संग्रामला उचलून आणावं लागलं.

मांड्या थरथरत होत्या. पेजेची वाटी मी त्याच्या हातात दिली तर ती हिंदकळली. आक्कांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, पहाटे धर्मशाळेमागं बैठका असतात.

आक्कांनी त्याला पाण्यात घेतलं नाही. उन्हात घोंगडीवर झोपवलं. मग वस्तादांसमोर जाऊन पायरीवर बसल्या.

वस्ताद उभेच होते. त्यांनी सांगितलं ते असं. पौर्णिमेला त्यांच्या गावदेवाची, सिद्धोबाची जत्रा. कुस्त्यांचा फड भरतो. पोराच्या आजाराचं कळलं त्याच दिवशी त्यांनी देवाला बोलून टाकलं होतं, की माझा संग्राम लंगोट लावून, स्वतःच्या पायांनी फडाला फेरी मारील. फड मोठा. वाट चढाची. तयारी नको का व्हायला?

 आक्कांनी त्यांना एवढंच समजावलं, की आपल्या स्नायूला मेहनत दिली की तो वाढतो, याच्या स्नायूला तीच मेहनत घाव घालते. बैठका, जिने, दमेपर्यंत चालणं. रोज थोडं चालू दे, पाण्यात खेळू दे, लांब जायचं तर खुर्चीतून जाऊ दे. तेवढे पाय जास्त दिवस त्याचे राहतील.

खुर्ची वस्तादांच्या जीपमध्ये होती. दवाखान्यानं दिलेली चाकाची खुर्ची. ताडपत्रीखाली, बांधलेली. गावातून निघाल्यापासून ती कुणी खाली उतरवली नव्हती.

"देवाला शब्द दिलाय, आक्का."

"कुणी?"

"मी."

"फेरी कोण मारणार?"

"...संग्राम."

"नवस तुमचा. मग पाय त्याचे का लावलेत?"

त्या वेळी माझ्या हातातला पंचा मी पिळत होते. कोरडा होता तरी पिळत होते. मी आयुष्यभर नवस बोलत आले, पोरांच्या आजारपणाला, नवऱ्याच्या नोकरीला. पण हा प्रश्न मला कुठल्या पुजाऱ्यानं कधी विचारला नव्हता.

वस्तादांचा चेहरा तांबडा झाला. म्हणाले, "उद्या सकाळी निघतो आम्ही."

"निघा," आक्का म्हणाल्या. "सकाळी पाणी चांगलं असतं. तेवढं घेऊन निघा."

...

दुसऱ्या दिवशी माघातली थंडी, कुंडावर वाफेचा पडदा. जीप तयार होती. वस्ताद प्रवासाचे कपडे घालून काठावर उभे. पायात बूट, हातात किल्ली.

आक्का कमरेइतक्या पाण्यात. संग्राम त्यांच्यासमोर उभा, पाणी गळ्याशी.

"आज शेवटचा दिवस," आक्का त्याला म्हणाल्या. "तुला काय करायचं आहे?"

संग्रामनं काठाकडे पाहिलं. मग वर आकाशाकडे पाहिलं. मग मान मागं टाकली आणि पाण्यावर आडवा झाला.

आक्कांचा हात त्याच्या डोक्याखाली होता. हळूहळू तोही त्यांनी काढून घेतला.

जमिनीवर त्याला स्वतःचा पाय पायरीवर चढवायचा तर हातानं उचलून ठेवावा लागे. तो पाय पाण्यात आपणहून वर आला. मग दुसरा आला. मग दोन्ही पाय हलायला लागले. आधी जरासे... मग पाणी उडेपर्यंत.

"उठ," वस्ताद काठावरून म्हणाले.

त्याचे कान पाण्यात. त्याला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

"उठ, संग्राम."

मग वस्ताद उतरले. बुटांसकट, किल्लीसकट, खिशातल्या मोबाईलसकट. एवढ्या घाईतही वाकून बोटं पाण्यात बुडवून कपाळाला लावायला चुकले नाहीत. तालमीत मातीत पाय ठेवण्याआधी ते असंच करत असणार. सरळ मुलापाशी गेले आणि त्याला उचलायला दोन्ही हात पुढं केले.

"हात लावू नका, आबा."

वस्ताद थांबले.

"मी पडलेलो न्हाई. मी झोपलोय. माझं मी."

"पाठ खाली हाय तुझी."

"कशाला लागलीया?" संग्राम म्हणाला. "हात घाला की खाली. बघा."

...

कुस्ती संपली की नाही अशी शंका आली, तर पंच वाकून पाठीखाली बघतो, असं मला नंतर कळलं. वस्ताद तसेच वाकले. हात पाण्यात घातला. मुलाच्या खांद्याखालून नेला.

पाणी.

पाठीच्या कण्याखालून नेला. पाणी. कमरेखालून नेला. तिथंही पाणीच.

हात तिथंच राहिला.  वरच्या कुंडात कुणाच्या तरी तांदळाच्या पुरचुंडीचा बुडबुड आवाज येत होता, तेवढाच.

"वस्ताद," आक्का म्हणाल्या, "तालमीत लहान पोर पहिल्यांदा मातीत उतरतं, तेव्हा तुम्ही काय करता?"

"त्येला पाडू देतो."

"कुणाला?"

"मला." वस्ताद म्हणाले. "पाडून घेतल्याबिगर पोराला डाव कसा कळणार?"

"पुष्कळ पोरांनी पाडलं असेल तुम्हाला."

"मोजदाद न्हाई."

"यानं?"

...

 याचं उत्तर मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत आहे. जो मुलगा उभं राहतानाच डगमगतो, त्याच्याशी मातीत कोण खेळणार? बापानं त्याला खुराक दिला, बैठका दिल्या, देवाला शब्द दिला. फक्त त्याच्यासमोर कधी पडला नाही.

संग्राम तोवर पाण्यात उभा राहिला होता. बापाकडे बघत त्यानं मांडीवर हात मारला. पाण्याखाली शड्डूचा आवाज होत नाही. म्हणून त्यानं हात वर काढून पाण्यावरच आपटला. मोठा आवाज झाला, माझ्या तोंडावर शिंतोडे आले.

मग तो पाण्यातून सरकत बापापाशी गेला. एक हात बापाच्या मानेमागं घातला. दुसरा त्या रुंद छातीवर ठेवला.

आणि ढकललं.

तेवढ्या जोरानं आमची मांजरसुद्धा हलली नसती. वस्ताद पडले.

पडले ते बुडायलाच लागले. पोहणं येत होतं त्यांना, सैल होणं येत नव्हतं. अंगाचं लाकूड केलेलं, बूट खाली ओढत होते, मान ताठ.

"मान सोडा, आबा."

वस्तादांचे डोळे मोठे झाले होते.

"मान सोडा म्हणतो. मी धरलंय."

ज्या हाताला भरलेला तांब्या जड व्हायचा, तो हात त्या चेपलेल्या कानांच्या मधोमध, डोक्याखाली होता. वस्तादांनी एकदा आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी दुसरीकडे पाहिलं.

मग त्यांनी मान सोडली.

खांदे वर आले, मग छाती, मग तो सगळा डोंगर पाण्यावर आला. वर वाफ विरत चालली होती आणि आकाश निळं होत होतं. बराच वेळ ते दोघं तसेच होते. वस्तादांच्या गालांवर पाणी होतं. ते कुंडाचं की कसलं, मी पाहिलं नाही. पुसणारीनं सगळंच पाहायचं नसतं.

"हरलासा," संग्राम म्हणाला.

"व्हय," वस्ताद म्हणाले.

...

त्या दिवशी जीप निघाली नाही. वस्तादांनी जाऊन ताडपत्रीची दोरी सोडली, खुर्ची उतरवली, आणि ओढ्यावर नेऊन धुतली. चाकं धुतली, दांडे धुतले. माझ्याकडे एक पंचा मागितला. मी चांगला, नवा दिला.

पौर्णिमेला ते गावी जाऊन आले. तिथं काय झालं ते संग्रामनंच मला सांगितलं, अंग पुसून घेता घेता, तेव्हा त्यात थोडं मीठमसाला असेल.

फेरी वस्तादांनी मारली. अनवाणी, एवढ्या वर्षांनंतर पुन्हा लंगोट लावून, चढाच्या वाटेनं. नवस त्यांचा, पाय त्यांचे. पुढ्यात खुर्ची, खुर्चीत फेटा बांधलेला संग्राम, दोन्ही हातांनी मांड्यांवर शड्डू ठोकत. फडातून कुणीतरी ओरडलं, काय वस्ताद, पठ्ठा बसूनच लढणार काय?

वस्ताद काही बोलायच्या आत संग्रामनं फेटा सरळ केला.

"पाण्यात ये," तो म्हणाला. "आनि आदी आबांना इचार, कुनी पाडलंय."

लोक हसले. वस्तादांनी खुर्ची थांबवली आणि भरल्या फडासमोर हात वर करून सांगितलं, की व्हय, पाडलंय. मग फेरी पुरी केली.

सिद्धोबा रागावला का, हे मी संग्रामला विचारलं. तो म्हणाला, काकू, त्यो तर मूर्ती हाय, पण नारळ एका फटक्यात फुटला.

आजार आहे तिथंच आहे. पुढं जाणारा आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. संग्राम येतो, पाण्यात उतरतो आणि काठावर जो कुणी बसला असेल त्याला शड्डू ठोकून दाखवतो.

...

माघाच्या शेवटच्या दिवशी माझा नवस पुरा होत होता. मी झराईची ओटी भरली आणि शेवटचे पंचे घेऊन कुंडावर गेले.

एक नवा बाप आला होता. शर्ट खोचलेला, कडेवर मुलगी. ती मोठी होती कडेवर घ्यायला, तरी घेतलेली. तो काठावरून विचारत होता, की शेवट काय होणार ते डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंय, मग हे रोजचं ताणणं नि बुडवणं कशासाठी?

आक्कांनी मान वर केली नाही. उथळ पायरीवर वस्ताद बसले होते. संग्रामची टाच त्यांच्या तळव्यात होती. धरलेली, पण जोर नसलेली. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं.

"पाव्हणं, बूट काढा," ते म्हणाले. "काठ घसरडा होतोय."

मी आक्कांना म्हटलं, आक्का, मी ही गोष्ट आता घरोघरी सांगणार. हळदीकुंकवाला सांगणार, पारायणाला सांगणार. आमच्यात कहाणी ऐकली की ऐकणारी विचारते, आता मी काय करू? उपास करू का, दिवा लावू का? तिला काय सांगू?

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोरड्या पदराकडे पाहिलं. महिनाभर मी काठावरच होते.

"तिला सांगा," त्या म्हणाल्या, "पंचा तिथं ठेव. पदर खोच. आणि आत ये."